पठारावरचे विद्यापीठ आणि तालुक्यातला विद्यार्थी

विद्यापीठाचा विस्तार दोन तऱ्हांनी होतो. एकाच ठिकाणी मोठी जमीन घेऊन तिथे विभाग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वसतिगृहे वाढवत नेणे ही पहिली तऱ्हा. गावोगावी महाविद्यालये आणि उपकेंद्रे काढून शिक्षण विद्यार्थ्याच्या घराजवळ नेणे ही दुसरी. बहुतेक विद्यापीठे दोन्ही मार्ग कमीअधिक प्रमाणात वापरतात. मोठ्या राज्यात त्यांचे परिणाम एकमेकांत मिसळून जातात. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे आणि राज्यातली सर्वसाधारण महाविद्यालये एकाच राज्य विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यामुळे इथे हे परिणाम वेगळे काढून पाहता येतात. उत्तरेकडच्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत ते विशेष ठळक आहेत, कारण हे तालुके विद्यापीठापासून रोज जाता येईल इतके जवळ आहेत, पण रोजचे जाणे सोपे वाटावे इतके जवळ नाहीत.

२०११च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७६ हजार आणि डिचोलीची सुमारे ९८ हजार होती. पेडणे तालुका तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये, महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. डिचोली त्याच्या आग्नेयेला असून लोहखनिजाच्या खाणींसाठी ओळखला जातो. दोन्ही तालुक्यांतून पणजी तीस किलोमीटरच्या आसपास आहे. विद्यापीठ मात्र पणजीच्याही पलीकडे, ताळगावच्या पठारावर आहे.

मुक्तीपूर्वीची स्थिती

पोर्तुगीज राजवटीत उच्च शिक्षणाच्या संस्था पणजीत एकवटलेल्या होत्या. वैद्यकीय विद्यालय १८४२ मध्ये सुरू झाले आणि लायसियम १८५४ मध्ये. त्यापुढचे शिक्षण घ्यायचे तर मुंबई, पुणे, धारवाड किंवा थेट पोर्तुगाल गाठावे लागे. डिचोली आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीचा, म्हणजे नंतर जिंकलेल्या प्रदेशाचा, भाग म्हणून पोर्तुगीजांकडे आले. तिथे सरकारी शाळा तुरळक होत्या. लिहिणे-वाचणे टिकले ते गावकऱ्यांनी आणि देवस्थानांच्या आधाराने चाललेल्या मराठी शाळांमुळे. बेळगाव, सावंतवाडी आणि मुंबईशी या भागाचे नाते शिक्षणाच्या निमित्तानेही घट्ट राहिले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी पणजीत धेंपे महाविद्यालय व मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. म्हापशाचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १९६३ मध्ये आले. ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न होती. अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी सगळे मुंबईचे होते. पदव्युत्तर शिक्षणासाठी त्याच विद्यापीठाचे एक केंद्र पणजीत चालत असे. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या सरकारने १९६३ नंतर खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या. त्या शाळांतून निघालेली पहिली मोठी पिढी सत्तरच्या दशकात महाविद्यालयाच्या दारात उभी राहिली. पेडण्याच्या विद्यार्थ्याला तेव्हा सर्वांत जवळ म्हापसा होते. तिथे १९७४ मध्ये ज्ञानप्रसारक मंडळाच्या आसगाव येथील महाविद्यालयाची भर पडली. डिचोलीचा विद्यार्थी म्हापसा किंवा पणजीकडे वळे.

अर्धे तिकीट आणि पडलेला पूल

या पिढीच्या विद्यार्थीजीवनाचा मोठा भाग बसमध्ये जात होता. बससेवा खाजगी मालकांच्या हाती होती, गाड्या अपुऱ्या होत्या आणि भाडे विद्यार्थ्यांना जड जाई. १९७८-७९ मध्ये गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात ५० टक्के सवलतीसाठी मोठे आंदोलन केले. मोर्चे निघाले, लाठीमार झाला, महाविद्यालये बंद राहिली. सवलत मिळाली आणि १९८० मध्ये कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. गोव्याच्या विद्यार्थी चळवळीतला हा सर्वांत परिणामकारक लढा बसच्या तिकिटासाठी झाला, यातच इथल्या उच्च शिक्षणाची खरी अडचण दिसते. महाविद्यालयात जागा मिळणे ही पहिली पायरी होती, तिथवर रोज पोचणे ही दुसरी आणि अधिक खर्चाची.

दुसरी अडचण नद्यांची. उत्तर गोव्यातून पणजीला येताना मांडवी ओलांडावी लागते. १९७० मध्ये खुला झालेला नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. नवा पूल होईपर्यंतची काही वर्षे बेती-पणजी फेरीबोटीवरच्या रांगा रोजच्या झाल्या. गोवा विद्यापीठ सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. पेडणे, बार्देश आणि डिचोलीच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ मिळाले, आणि त्याच सुमारास तिकडे जाण्याचा रस्ता तुटला. डिचोली तालुक्यातल्या साखळीच्या बाजूने अमोणे आणि खांडोळा यांना जोडणारा पूल पुढे झाला, तेव्हा तालुक्याच्या पूर्व भागाला म्हापशाचा वळसा न घेता पणजी गाठता येऊ लागले.

ताळगाव पठारावरचे संकुल

गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ मध्ये झाला आणि १ जून १९८५ रोजी विद्यापीठाचे काम सुरू झाले. इतिहासकार बी. शेख अली हे पहिले कुलगुरू. मुंबई विद्यापीठाचे पणजीतले पदव्युत्तर केंद्र नव्या विद्यापीठात विलीन झाले आणि गोव्यातली महाविद्यालये मुंबईऐवजी त्याला संलग्न झाली. संकुलासाठी झुआरीच्या मुखाकडे पाहणारे ताळगावचे पठार निवडले गेले. इमारतींची रचना चित्रकार आणि वास्तुकार सतीश गुजराल यांनी केली. संकुलाची जमीन सुमारे ४२७ एकर आहे. पुणे विद्यापीठाचे संकुल सुमारे ४११ एकरांचे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे ८५३ एकरांचे आहे. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर लहानग्या गोव्याने विद्यापीठाला जमीन देताना हात आखडता घेतला नाही.

एवढ्या जागेचा उपयोग टप्प्याटप्प्याने होत गेला. शिक्षण विभाग, विज्ञानाच्या प्रयोगशाळा, ग्रंथालय, प्रशासन इमारत, मुलामुलींची वसतिगृहे उभी राहिली. ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा आणि नुनो गोन्साल्विश यांचा दुर्मीळ ग्रंथसंग्रह आहे. गोव्याच्या इतिहासावर काम करणाऱ्याला त्यासाठी पठारावर यावेच लागते. २०१४च्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धांसाठी याच परिसरात श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम बांधले गेले. अलीकडच्या पुनर्रचनेत विभाग एकत्र करून महाशाळा केल्या गेल्या. त्यांपैकी भाषांच्या महाशाळेला शणै गोंयबाब यांचे, समाजशास्त्रांच्या महाशाळेला दा. ध. कोसंबी यांचे आणि कायदा व लोकधोरणाच्या महाशाळेला मनोहर पर्रीकर यांचे नाव आहे.

या संकुलाचे विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. गोवा विद्यापीठ संलग्नता देणारे विद्यापीठ आहे. पदवीचे शिक्षण गावोगावच्या महाविद्यालयांत होते. पठारावर मुख्यतः पदव्युत्तर आणि संशोधनाचे विद्यार्थी असतात. म्हणजे पेडण्याचा मुलगा पदवीची वर्षे तालुक्यात किंवा म्हापशात काढतो आणि एम.ए., एम.एस्सी.ला आल्यावर पहिल्यांदा संकुलात शिरतो. विस्ताराचा लाभ त्याला उशिरा मिळतो. मोठे ग्रंथालय, बाहेरून येणारे अभ्यासक, वसतिगृहातल्या रात्रीच्या चर्चा हे सगळे त्याच्या वाट्याला दोन वर्षांपुरते येते, आणि तो रोज घरून ये-जा करत असेल तर त्यातलेही बरेच हुकते.

पठारावर जाण्यासाठी पेडण्याच्या किनारी गावातल्या विद्यार्थ्याला सहसा तीन टप्पे करावे लागतात. गावातून पेडणे किंवा म्हापसा, म्हापशाहून पणजी, आणि पणजीच्या कदंब स्थानकावरून विद्यापीठ. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास असले तरी गाड्या बदलणे आणि वाट पाहणे धरून एका बाजूला दीड-दोन तास सहज जातात. सायंकाळी गावाकडे जाणारी शेवटची गाडी चुकू नये म्हणून प्रयोगशाळेतले काम अर्धे टाकून निघावे लागते. परिसंवाद, नाटकाची तालीम, संघाचा सराव सायंकाळीच असतात. त्यामुळे लांबून येणारा विद्यार्थी वर्गात हजर असला तरी विद्यापीठाच्या उरलेल्या जीवनात गैरहजर राहतो.

तालुक्यात आलेली महाविद्यालये

विस्ताराची दुसरी तऱ्हा सरकारी महाविद्यालयांनी अमलात आणली. साखळीचे शासकीय कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले. केपे आणि खांडोळा येथेही अशी महाविद्यालये निघाली. डिचोलीत नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय आहे आणि मये येथे शासकीय तंत्रनिकेतन. पेडणे तालुक्यात विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव दिले आहे. अठराव्या शतकातल्या या नाथपंथी कवीचे घराणे याच तालुक्यातल्या पालये गावचे आणि त्यांचे कुलकर्णीपण शेजारच्या बांद्याचे. महाविद्यालयात गोव्याच्या पेडणे तालुक्यातली मुले शिकतात. त्यांचे नातेवाईक मात्र बांदा, सावंतवाडी आणि दोडामार्गपर्यंत पसरलेले असतात, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना ओळखीचे असलेले नाव संस्थेला मिळाले.

तालुक्यात महाविद्यालय आल्याने सर्वांत मोठा फरक पडला तो मुलींच्या शिक्षणात. बारावीनंतर मुलीला रोज म्हापशाला किंवा पणजीला पाठवायचे की नाही, हा प्रश्न अनेक घरांत परतीच्या गाडीच्या वेळेवर अडत असे. महाविद्यालय गावाजवळ आल्यावर हा प्रश्न पदवीपुरता मिटला. मुलगी दुपारी घरी परतते आणि गावातली ओळखीची माणसे वाटेत असतात. घरच्यांची हरकत यामुळे कमी होते. दुसरा फरक खर्चाचा. सरकारी महाविद्यालयाची फी कमी असते, प्रवास थोडा असतो आणि जेवण घरचे असते.

डिचोलीत हा खर्चाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरला. तालुक्यातल्या अनेक कुटुंबांची मिळकत खाणींवर, खनिज वाहणाऱ्या ट्रकांवर आणि बार्जांवर अवलंबून होती. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मधल्या काळात काही सुरू झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये त्या पुन्हा बंद पडल्या. अशा वेळी मुलाला बाहेरच्या शहरात ठेवून शिकवणे परवडेनासे होते. जवळचे सरकारी महाविद्यालय नसते तर यातल्या काही मुलांचे शिक्षण बारावीवरच थांबले असते. खाणी चालू होत्या तेव्हाचा त्रास वेगळा होता. ट्रकांच्या रांगांमुळे साखळी, पाळी, उसगाव या रस्त्यांवर वर्गाची वेळ गाठणे कठीण जाई आणि धूळ कपड्यांवर बसे.

जवळच्या महाविद्यालयाच्या काही मर्यादाही आहेत. विभाग थोडे असले की विषय निवडायला वाव कमी राहतो. विर्नोड्याचे महाविद्यालय कला आणि वाणिज्य शाखांचे म्हणून उभे राहिले. विज्ञानासाठी म्हापशाकडे जाण्याचा प्रघात त्यामुळे चालू राहिला. लहान महाविद्यालयात विद्यार्थ्याला एकाच विषयाचे दोन-तीनच प्राध्यापक भेटतात, ग्रंथालय बेताचे असते आणि वर्गातले बहुतेक चेहरे माध्यमिक शाळेपासूनचे असतात. परक्या भागातल्या, परक्या भाषेच्या मुलांशी ओळख होणे हा उच्च शिक्षणाचा एक भाग आहे आणि तो इथे पातळ होतो. उलट गावाशी नाते तुटत नाही, ही जमेची बाजू. चवथ, शिगमो, पेडण्याची पुनव, शिरगावची लईराईची जत्रा, देवळातल्या उत्सवाची नाटके यांत विद्यार्थी पूर्वीसारखाच असतो. या दोन्ही तालुक्यांतली मराठी नाट्यपरंपरा टिकण्यास गावात राहणारे तरुण हातभार लावतात. परीक्षा आणि जत्रा एकाच आठवड्यात आल्या की ओढाताण होते, ती वेगळी.

वरून आलेल्या संस्था

विस्ताराचा तिसरा प्रकार गेल्या दोन दशकांत ठळक झाला. यात राष्ट्रीय पातळीवरची किंवा खाजगी संस्था तालुक्यात संकुल उभारते आणि तिचे विद्यार्थी देशभरातून येतात. गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट १९९३ मध्ये रायबंदर येथे, जुन्या इस्पितळाच्या इमारतीत सुरू झाली. ती पुढे साखळीलगत, सत्तरी तालुक्यातल्या पर्ये येथील प्रशस्त निवासी संकुलात गेली. पेडणे तालुक्यात धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे संकुल झाले. सुमारे ५० एकरांतल्या या संस्थेचे आणि तिच्या २५० खाटांच्या इस्पितळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. त्याच दिवशी तालुक्यातल्या मोपा पठारावरच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचेही उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून उड्डाणे सुरू झाली.

अशा संस्थेत प्रवेश राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर मिळतो. शेजारच्या गावातल्या मुलाला तिथे आपोआप जागा मिळत नाही. त्याला लाभ मिळतो तो आडवाटेने. इस्पितळात उपचार मिळतात, प्रयोगशाळा-सहायक, परिचारिका, कार्यालयीन कर्मचारी अशा नोकऱ्या निघतात, खोल्या भाड्याने जातात, खाणावळी चालतात. विमानतळाच्या निमित्ताने विमानसेवेशी संबंधित प्रशिक्षणाचे केंद्रही मोप्याला सुरू झाले. पण यांतल्या बऱ्याच नोकऱ्यांना पदवीआधी किंवा पदवीबरोबर विशिष्ट कौशल्य लागते. म्हणून तालुक्यातल्या महाविद्यालयाचा अभ्यासक्रम आणि तालुक्यात आलेली संस्था यांची सांगड घातली गेली तरच स्थानिक मुलाला फायदा होतो. सांगड नसेल तर एकाच पठारावर दोन वेगळी जगे शेजारी राहतात. एकीकडे वसतिगृहात राहणारा, देशाच्या दुसऱ्या टोकाहून आलेला विद्यार्थी असतो. दुसरीकडे बसथांब्यावर उभा असलेला तालुक्यातला विद्यार्थी.

पेडण्याच्या किनाऱ्यावर आणखी एक ओढ आहे. हरमल, मांद्रे, मोरजी ही पर्यटनाची गावे आहेत. ऑक्टोबरपासून मेपर्यंतच्या हंगामात तिथे हॉटेलांत, गाड्या चालवण्यात, दुकानांत हातात रोख पैसा देणारे काम मिळते. महाविद्यालयाचे वर्षही जवळजवळ याच महिन्यांत असते. काही विद्यार्थी सकाळी वर्ग आणि सायंकाळी काम असे दोन्ही सांभाळतात. काहींची उपस्थिती हंगामात घसरते. शिक्षण घराजवळ आल्याने अशी दुहेरी दिनचर्या शक्य झाली. तिचा लाभ घरखर्चाला होतो आणि ताण अभ्यासावर येतो.

जमिनीचा प्रश्न

संकुल वाढवायचे म्हणजे जमीन लागते आणि गोव्यात ती मोकळी पडून नसते. पठार दिसायला ओसाड असते. जांभ्या दगडाचा सडा उन्हाळ्यात तापतो आणि त्यावर झाड विरळ असते. पण पावसात हाच सडा पाणी मुरवतो आणि उतारावरचे झरे, विहिरी, कुळागरे त्यावर जगतात. गुरे चरायला तिथेच जातात, काजूच्या बागा त्याच्या कडेला असतात. नकाशावर रिकामी दिसणारी जागा गावाच्या हिशेबात भरलेली असते.

आयआयटी गोव्याची कथा याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. ही संस्था २०१६ मध्ये फर्मागुडी येथील गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, तात्पुरत्या जागेत सुरू झाली. कायम संकुलासाठी काणकोण तालुक्यातल्या लोलये येथील भगवती पठाराचा विचार झाला आणि त्याला विरोध झाला. नंतर डिचोलीच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात, गुळेली पंचायतीतल्या शेळ-मेळावली येथे सुमारे १० लाख चौरस मीटर जमीन ठरली. वनजमीन, काजूच्या बागा आणि पाण्याचे स्रोत जातील म्हणून गावकरी उभे ठाकले. जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांशी संघर्ष झाला आणि त्याच महिन्यात सरकारने ती जागा सोडली. सांगे तालुक्यातल्या जागेवरही शेतकऱ्यांचा विरोध झाला आणि २०२५ मध्ये फोंडा तालुक्यातल्या कोडार येथेही तेच घडले. २०१० मध्ये फर्मागुडीतच तात्पुरती सुरू झालेली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, एनआयटी, मात्र कुंकळ्ळी येथील कायम संकुलात गेली. त्याचे उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले.

या वादाचा विद्यार्थ्यावर थेट परिणाम होतो. तात्पुरत्या आवारात प्रयोगशाळा दुसऱ्यांच्या इमारतीत असतात, वसतिगृहात जागा मोजकी असते आणि मैदान वाटून घ्यावे लागते. प्रवेशसंख्या वाढवता येत नाही, नवे विभाग काढता येत नाहीत. एक विद्यार्थी चार वर्षे शिकून बाहेर पडतो आणि संस्थेला कायमची जागा मिळालेलीच नसते. दुसऱ्या बाजूला, संकुलाच्या जमिनीमुळे ज्यांची बागायत जायची असते त्या घरांतही विद्यार्थी असतात. त्यांच्या शिक्षणाचा खर्च बहुधा त्याच काजूच्या उत्पन्नातून निघत असतो.

पाण्याचा हिशेबही जमिनीइतकाच महत्त्वाचा आहे. निवासी संकुलात शेकडो विद्यार्थ्यांना बारा महिने पाणी लागते. पेडणे तालुक्याला चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून पाणी मिळते आणि तिळारीच्या कालव्यांचे पाणी पेडणे-डिचोलीच्या शेतीसाठी आणले गेले आहे. विमानतळ, इस्पितळ, हॉटेले आणि संकुले एकाच तालुक्यात आली की एप्रिल-मे महिन्यांत या पाण्यावर ओढ पडते. सर्वांत आधी तुटवडा जाणवतो तो गावच्या नळाला.

चार वर्षांची पदवी आणि पडद्यावरचा वर्ग

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार गोव्यात २०२३-२४ पासून पदवीचा नवा आराखडा लागू झाला. त्यात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी मिळवता येते. चार वर्षे पूर्ण करणाऱ्याला पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात करण्याची सोय आहे. तालुक्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. पूर्वी तीन वर्षे गावाजवळ आणि दोन वर्षे पठारावर अशी वाटणी होती. आता ती चार आणि एक अशी होऊ शकते. एका वर्षाचा लांबचा प्रवास वाचतो, पण चौथ्या वर्षासाठी लागणारे संशोधन, प्रकल्प, प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक ही जबाबदारी तालुक्यातल्या महाविद्यालयावर येते. वर्गखोल्या वाढल्या आणि प्राध्यापक व ग्रंथ वाढले नाहीत, तर विद्यार्थ्याचे एक वर्ष घराजवळ जाईल पण विद्यापीठापासून दूर जाईल. निरनिराळ्या शाखांचे विषय एकत्र निवडण्याची मुभाही नव्या आराखड्यात आहे. ती खरी ठरते जिथे शाखा पुष्कळ आहेत तिथे. साखळीसारख्या तीन शाखांच्या महाविद्यालयात तिला काही अर्थ आहे, दोन शाखांच्या महाविद्यालयात तो कमी होतो.

इमारतीशिवाय विस्तार करण्याचा मार्ग करोनाच्या काळात पुढे आला. गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने २०२० मध्ये ‘दिष्टावो’ हा उपक्रम सुरू करून प्राध्यापकांची व्याख्याने चित्रफितींच्या रूपात सर्वांना खुली केली. विर्नोड्याच्या विद्यार्थ्याला पणजीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान त्यामुळे ऐकता येते. पण डोंगराळ वाड्यांवर मोबाइलचे नेटवर्क मिळण्यासाठी घराबाहेर उंचावर जाऊन बसावे लागते, हे त्याच काळात राज्याच्या अनेक भागांत दिसले. व्याख्यान पडद्यावर पोचते. प्रयोग, ग्रंथालय आणि सोबत्यांशी वाद घालणे पोचत नाही.

ग्रंथालयाचा प्रश्न काही अंशी विद्यापीठाबाहेरही सुटतो. पणजीतल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते आणि त्याची पाटो येथील नवी इमारत कदंब स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उत्तरेकडून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना पठारावरच्या ग्रंथालयापेक्षा हे सोयीचे पडते, कारण तिथून शेवटच्या गाडीसाठी उठून निघता येते.

विस्तार मोजण्याची रीत

संकुलाचा विस्तार सहसा एकरांत, इमारतींत आणि प्रवेशसंख्येत सांगितला जातो. विद्यार्थ्यावरचा परिणाम मोजायला ही मापे पुरत नाहीत. पेडणे आणि डिचोलीच्या अनुभवावरून काही अधिक उपयोगी मापे काढता येतात. पहिले माप वेळेचे: घरातून वर्गापर्यंत जाण्यायेण्यात दिवसाचे किती तास जातात आणि शेवटची गाडी किती वाजता आहे. दुसरे निवासाचे: लांबून येणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहात किती जागा आहेत. तिसरे विषयांचे: घरापासून तासाभराच्या अंतरात विद्यार्थ्याला किती शाखा आणि विषय निवडता येतात. चौथे शेजाराचे: संकुलाच्या जमिनीमुळे आणि पाण्यामुळे आजूबाजूच्या गावांचे काय कमी होते आणि त्या बदल्यात त्यांच्या मुलांना कोणते शिक्षण किंवा काम मिळते.

मुंबई विद्यापीठाने रत्नागिरीला उपपरिसर काढला, पुणे विद्यापीठाने नाशिक आणि अहिल्यानगरला उपकेंद्रे काढली. तिथली अंतरे शंभर-सव्वाशेपासून तीनशेहून अधिक किलोमीटरपर्यंतची आहेत, म्हणून विद्यापीठ हलवून जवळ नेणे भाग होते. गोव्यात उत्तरेची पत्रादेवी सीमा आणि ताळगावचे पठार यांत तेवढे अंतर नाही. इथे उपकेंद्र काढण्याइतकाच स्वस्त आणि लवकर गुण देणारा उपाय म्हणजे थेट बस, सायंकाळची उशिराची फेरी आणि वसतिगृहातल्या जादा जागा. पदवीसाठी दोन्ही तालुक्यांत आता महाविद्यालये आहेत. तंत्रशिक्षणासाठी मयेचे तंत्रनिकेतन आहे, आयुर्वेदासाठी धारगळची संस्था आहे आणि व्यवस्थापनासाठी साखळीच्या वेशीवरची संस्था आहे. पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन मुख्यतः पठारावरच राहिले आहे. त्यासाठी पेडण्याचा आणि डिचोलीचा विद्यार्थी किती सहजपणे पठारावर पोचतो आणि तिथे किती वेळ थांबू शकतो, यावर पुढच्या विस्ताराचे यश ठरेल.